खोकला माझा, खाकर त्याची

आमच्याकडे पुरुष माणूस खाकरल्याशिवाय घरात शिरत नाही. वडील ओट्यापाशी चपला काढताना एकदाच खाकरायचे. तेवढ्यानं आत आई डोक्यावरचा पदर नीट करायची, चुलीवर चहाचं आधण चढायचं आणि आम्ही दोघं भाऊ एकमेकांच्या झिंज्या सोडून पुस्तकं उघडायचो. बैठकीत त्या खाकरीला आणखी वजन असायचं. सोयरीक जुळवायला दहा माणसं सतरंजीवर बसली आहेत, बोलणं भलतीकडं चाललंय, अशा वेळी वडील भिंतीकडं बघत एकदा खाकरायचे आणि बोलणारा थांबायचा. इथून पुढं जाऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. कुणाला तोंडावर नाही न म्हणता नाही म्हणायची आमच्या भागातली ही रीत आहे.

वडील गेले तेव्हा जमीन दोघां भावांत निम्मी निम्मी झाली. विहीर सामाईक राहिली. खाकर मात्र सगळीच्या सगळी धाकट्याकडं गेली आणि माझ्या वाट्याला खोकला आला.

मी मराठीचा मास्तर आहे. बीडजवळच्या पालीच्या अलीकडं आमचं गाव, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवतो. खाकरणं माणूस करतो आणि खोकला माणसाला होतो, हा फरक मी क्रियापदं शिकवताना सांगायचो. लिहिताना दोन्ही शब्द जवळजवळ सारखे, एका मात्रेचा आणि एका अक्षराचा काय तो फरक. आता हे उदाहरण मी देत नाही, कारण ते देता देता मला खोकला येतो आणि पोरं हसतात.

खोकला आला त्याला बारा वर्षं झाली. साध्या सर्दीनं आला, सर्दी गेली आणि तो राहिला. उदबत्ती, अत्तर, खडूची पूड, गार वारा, गरम चहाची वाफ, फोडणी, एवढंच काय मोठ्यानं हसणं, कशानंही तो उठतो. आधी घशात खालच्या बाजूला बारीक खवखव होते, मग एक, मग लागोपाठ चार-पाच, डोळ्यांत पाणी, आणि शेवटी मी काय बोलत होतो तेच मला आठवत नाही. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, सितोपलादी चूर्ण मधातून चाटून झालं. छातीचे फोटो काढून झाले, थुंकी तीनदा तपासून झाली. कुठंच काही नाही. डॉक्टर म्हणायचे तुम्हाला काही झालेलं नाही, आणि मी खोकत खोकत ते ऐकून घ्यायचो.

लोकांनी मात्र आपापलं निदान कधीच केलं होतं. एका नातेवाइकाच्या घरी मला चहा कायम कान तुटलेल्या एकाच कपात यायचा, तो कप माझ्यासाठी वेगळा ठेवलाय हे कळायला मला दोन वर्षं लागली. कोरोनात एसटी सुरू झाल्यावर बीडला जाताना मला दर वेळी खिडकी मिळाली, शिवाय शेजारची जागाही मोकळी. गावातले काही त्याला नाटक म्हणायचे, आणि हेडमास्तरांना वाटायचं की त्यांचं बोलणं पटलं नाही की मी मुद्दाम खोकतो. त्यांत थोडंफार तथ्य असतं तर मला आनंदच झाला असता.

आता धाकट्याबद्दल सांगतो, कारण खरं दुखणं तेच आहे.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. एकाच आईचं दूध प्यालो, एकाच खोलीत एकाच गोधडीत वाढलो, एकाच शेकोटीचा धूर खाल्ला. आणि हा गडी मिरची कांडपाची गिरणी चालवतो. रस्त्यालगत पत्र्याचं शेड आहे, चैत्र-वैशाखात बाया डबे घेऊन रांगेत उभ्या असतात, येसराचा मसाला नाहीतर वर्षाची मिरची कांडून न्यायला. बाया तोंडाला पदर लावून लांब झाडाखाली बसतात. हा नाकाला रुमालही न बांधता मिरचीच्या लाल धुरळ्यात उभा राहून त्यांच्याशी गप्पा मारतो, विनोद करतो, मधूनच गाणं म्हणतो. त्याला साधी शिंक येत नाही. मी शाळेत जाताना त्या दोन महिन्यांत कालव्याकडून वळसा घालून जातो.

वर त्याची खाकर. हुबेहूब वडिलांची. हवी तेव्हा, हवी तेवढी, एकच. कुणाची बांधाची भांडणं असोत, कुणाच्या मुलीची सोयरीक असो, लोक त्याला पुढं बसवतात आणि त्यानं खाकरलं की गप्प होतात. लग्नातला माइकही आधी माझ्याकडं असायचा. आलेल्या पुढाऱ्यांची नावं मानाच्या क्रमानं घ्यायची, कुणी राहिलं तर रुसवा, कुणी मागं-पुढं झालं तर अबोला, हे काम मी पंधरा वर्षं बिनचूक केलं होतं. एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी मागच्या आचाऱ्यानं फोडणी दिली आणि मी माइकमध्ये खोकत सुटलो. धाकट्यानं माझ्या हातातून माइक घेतला. त्यानं तो हळूच घेतला, हे मला अजून जास्त झोंबतं.

मला त्याचा हेवा वाटायचा, दुसरा शब्दच नाही. त्याच्या नव्या गाडीचा नाही, पोरगा शिकायला पुण्याला आहे त्याचाही नाही. मला त्याच्या घशाचा हेवा वाटायचा. माझी बायको एकदा वैतागून म्हणाली होती की तुमच्या घशात दुसरं काही नाही, भावजी अडकलेत. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही, आणि ते दोन दिवस खोकला जरा कमी होता हे तिनं तेवढंच ध्यानात ठेवलं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीसाठी गेवराईकडचं एक स्थळ आलं. मुलगी औषधशास्त्राची पदविका करून बीडला मेडिकलच्या दुकानात काम करते, मुलगा तिकडंच पाटबंधारे खात्यात. दोघांनी एकमेकांना पाहिलं, पसंत केलं, आपसांत फोनही सुरू झाले. राहिली होती बैठक. बैठकीत आमच्याकडं मुलीच्या बापानं उठून शब्द द्यायचा असतो: आमची मुलगी तुमच्या घरात दिली. पाच शब्द. ते म्हटले की सुपारी फुटते आणि मग कुणी मागं फिरत नाही. मला एकच मुलगी. ते पाच शब्द मला एका दमात, न खोकता म्हणायचे होते, आणि ते माझ्याऐवजी माझ्या भावानं म्हणायला नको होते. माझी सगळी धडपड त्यासाठी होती.

म्हणून मी अंबाजोगाईला गेलो. तिथल्या एक डॉक्टरीणबाई जुन्या खोकल्याचं खास बघतात असं मुलीला दुकानात कुणीतरी सांगितलं होतं. बाईंनी जुने कागद शांतपणे पाहिले आणि पहिल्यांदाच कुणीतरी मला म्हणालं की तुमचा खोकला हाच आजार आहे, तो दुसऱ्या कशाचं लक्षण असेलच असं नाही. मला रडू यायचं बाकी राहिलं. मग त्यांनी विचारलं, घरात सख्खं कुणी आहे का, ज्याला अजिबात खोकला येत नाही? असलं तर पुढच्या वेळी आणा, तुलना करून बघता येईल. मी म्हणालो, आहे एक.

धाकट्यानं गिरणी बंद ठेवली आणि स्वतःच्या गाडीतून मला घेऊन निघाला. मांजरसुंब्याच्या घाटात त्यानं काचा खाली केल्या, मला खोकला लागला, त्यानं काचा वर केल्या. पुढं एका टपरीवर थांबून त्यानं गरम भजी खाल्ली, सोबतच्या तळलेल्या मिरच्यांसकट. मी गाडीत बसून राहिलो. तो खिडकीतून मला विचारत होता, दादा, तुला एखादं आणू का, आणि मला वाटत होतं की हा मुद्दाम करतोय. तो मुद्दाम काहीच करत नाही, त्याचाच तर मला राग येतो.

तपासणी ऐकून मला हसावं की रडावं कळेना. मिरचीतलं तिखट काढून पाण्यात विरघळवलेलं, ते यंत्रातून वाफेसारखं तोंडात घ्यायचं, एक श्वास, आणि किती खोकले येतात ते बाई मोजणार. आधी अगदी सौम्य, मग दर वेळी दुप्पट. पाच खोकले आले की थांबायचं. म्हणजे आमचं बारा वर्षांचं भांडण अखेर मिरचीवरच येऊन ठेपलं होतं.

पहिल्या श्वासालाच मी दोनदा खोकलो. बाई हसल्या आणि म्हणाल्या, यात अजून मिरची नाही, नुसतं मिठाचं पाणी आहे. दुसऱ्या श्वासाला तीन. तिसऱ्याला पाच झाले, सहा झाले, आठ झाले, बाईंनी मोजणं थांबवून पाण्याचा ग्लास दिला. मग धाकटा बसला. एकामागून एक बाटल्या झाल्या. मी भिंतीला टेकून त्याच्या गळ्याकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, खोक. माझा सख्खा भाऊ होता तो, माझ्यासाठी धंदा बंद ठेवून आला होता, आणि मी मनातल्या मनात त्याला खोकला यावा म्हणून जप करत बसलो होतो. शेवटच्या बाटलीला तो एकदा खोकला. एकदाच, आणि तेही खाकरल्यासारखं.

"ही कुठली मिरची ओ मॅडम?" त्यानं विचारलं. "काय तिखट न्हाई."

बाईंनी मग आम्हाला समजावलं. घशातल्या नसांच्या टोकाशी दारं असतात म्हणे. तिखट, धूर, वाफ लागली की ती उघडतात आणि मेंदूकडं सांगावा जातो. ती दारं कशी घडवायची याचा मजकूर आपल्याला आईबापांकडून मिळतो, आणि माणसामाणसांच्या मजकुरात कुठं कुठं एखाद्या अक्षराचा फरक असतो. कुणाचं दार जड, कुणाचं वाऱ्यानंही उघडणारं. मला हे झटकन कळलं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक. बापाची वही भावानं नीट उतरवून घेतली होती आणि माझ्याकडं वेलांटी उलटी पडली होती. आईचे वडील रात्रंदिवस खोकायचे असं आई सांगायची, तेही मी बाईंना सांगितलं.

पण बाई पुढंही बोलल्या. हे सगळ्याच खोकणाऱ्यांना लागू पडेल असं नाही, यावर अजून शोध चालू आहे, आणि तुमचा भाऊ वर्षानुवर्षं मिरचीत उभा आहे, तेव्हा त्याचं जन्माचं किती आणि गिरणीचं किती ते मला सांगता येणार नाही. तुमच्या मुलीला हे येईल असंही मी म्हणत नाही. हे सगळं त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या. मी ऐकलंही होतं. पण ज्याला बारा वर्षं ढोंगी म्हटलंय त्याला जन्मजात हा एकच शब्द पुरतो. बाकीचं मी घाटातच सोडून आलो.

गोळी मिळाली, आणि एक युक्ती मिळाली. खवखव सुरू झाली की खोकायचं नाही, आवंढा गिळायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, नाकानं सावकाश श्वास सोडायचा. खोकला दाराशी आला तरी त्याला आत घ्यायलाच पाहिजे असं नाही, असं बाई म्हणाल्या. मी गच्चीवर संध्याकाळी सराव करू लागलो. आमची मुलगी, आवंढा, तुमच्या घरात, आवंढा, दिली. महिन्याभरात मी ते वाक्य सलग म्हणू लागलो. एकदा सलग दहा वेळा म्हटलं आणि खाली येऊन बायकोला सांगितलं, तर तिनं वाटीभर शिरा केला.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. पण मला माझी निर्दोष सुटका गावभर सांगायची होती. शाळेत सांगितलं, पारावर सांगितलं, कान तुटलेला कप देणाऱ्या नातेवाइकाकडं तर मुद्दाम जाऊन सांगितलं: मला टीबी नाही, मी नाटक करत नाही, हे रक्तातलं आहे, आईच्या बापाकडून आलंय, मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. सांगताना मला कोण अभिमान. ऐकणारे मान हलवायचे. रक्तातलं म्हटल्यावर आमच्याकडं माणूस पुढं काय विचारतो, हे पन्नाशीच्या मास्तराला कळायला हवं होतं.

ते गेवराईत विचारलं गेलं. मध्यस्थाचा फोन आला. मुलाकडचे म्हणत होते की बापाचा खोकला खानदानी असला तर मुलीच्या अंगात तो असणार, पुढं लेकरांत येणार, जरा थांबू या. मुलीनं फोनवरचं माझं बोलणं ऐकलं. ती डबा उचलून कामावर गेली. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मुलाचा फोन आला नाही.

मी जायला हवं होतं. मी निघणारही होतो, पण तिथं जाऊन मी खोकलो असतो तर आगीत तेलच पडलं असतं. धाकटा गेला. तो तिथं काय बोलला ते मला मध्यस्थाकडून कळलं. तो म्हणाला, एकाच आईची आम्ही दोघं, दादा खोकतो, मी खोकत नाही, मग रक्ताचं काय सांगता? पोरगी दुकानात दिवसभर औषधांच्या वासात उभी असते, तिला विचारा कधी शिंक आली का. हवं तर तिला माझ्या गिरणीत आणून उभी करतो. मुलाकडचे हसले आणि बैठकीची तारीख धरली. जी सोयरीक मी माझ्या तोंडानं मोडायला आणली होती ती त्यानं तासाभरात पुन्हा बांधून आणली. मला त्याच्या पाया पडावंसं वाटायला हवं होतं. मला वाटलं ते असं, की आता शब्दही हाच देणार.

आणि तसंच ठरलं. म्हणजे कुणी मला म्हटलं नाही. पण भावकीतले दोघं-तिघं बोलताना म्हणून गेले की ज्यानं जुळवलं त्यानंच शब्द द्यावा, दादांना उगाच त्रास कशाला. धाकटा तेव्हा तिथंच होता. तो काहीच बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं म्हणजे होकार असं मी धरून चाललो.

बैठक आमच्याच अंगणात, मांडवाखाली होती. घरात माझ्यासाठी असा बंदोबस्त केला होता की मलाच लाज वाटली. उदबत्ती नाही, कुणी अत्तर लावायचं नाही, आणि शब्द होईपर्यंत फोडणी द्यायची नाही. वरण शिजून तयार होतं, भाजी चिरून ठेवली होती, तेलाची कढई थंड होती, आणि मुलगी स्वतः चुलीजवळ पहारा देत होती. मी गोळी घेतली होती. पाण्याचा तांब्या उजव्या हाताला ठेवला होता. घसा स्वच्छ होता, बारा वर्षांत नव्हता इतका.

धाकटा मधोमध बसला होता, वडील बसायचे तिथं. समोर मुलाचे चुलते, पांढरी टोपी, हातात सुपारी. देणं-घेणं काही नव्हतंच, तिथी ठरली, मानपान ठरला, सगळं गोडीत झालं. मी आपला कडेला मान डोलवत होतो. मग चुलते म्हणाले, हं, आता शब्द होऊ द्या. धाकट्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवले आणि बोलायला लागला.

"आता पावणं, शब्द द्यायचा म्हंजी..."

आणि मी खाकरलो.

मला आवंढा गिळायचा नव्हता, कारण घशात काहीच नव्हतं. मी ठरवून खाकरलो, एकदाच, भिंतीकडं बघत. आणि ती खाकर वडिलांची होती. तोच आवाज, तोच भार, तशीच शेवटी मिटलेली. माझ्याही घशात ती इतकी वर्षं होती, ते मला त्या क्षणी कळलं. मांडव गप्प झाला.

चुलत्यांनी सुपारी खाली ठेवली. "मुलीच्या बापाची खाकर आली," ते म्हणाले. "काही मनात असंल सर, तर आत्ताच बोला. मागून नको."

पंचवीस माणसं माझ्याकडं बघत होती. याच गोष्टीसाठी मी बारा वर्षं जळत होतो, आणि आता ती मिळाली तेव्हा माझ्याकडं बोलायला काहीच नव्हतं. मला मुलगा पसंत होता, घर पसंत होतं, चुलते पसंत होते. मला फक्त माझ्या भावाचं तोंड बंद करायचं होतं. मुलाकडच्या एका माणसानं पायानं चप्पल शोधायला सुरुवात केली होती. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

धाकट्याला खाकर आणि खोकला यांतला फरक माझ्यापेक्षा जास्त कळतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि त्याला सगळं कळलं, हे मला दिसलं. मग तो चुलत्यांकडं वळून हसला.

"खाकर कुठली ओ? दादाचा खोकला हाय तो. रोजचाच हाय," तो म्हणाला. "आत्ता बघा, आजून चार येतील."

सगळे माझ्याकडं बघत थांबले. एक तर खोकायचं, नाहीतर सोयरीक मोडायची. मी खोकलो. घसा साफ असताना, काही होत नसताना, मी तोंडावर रुमाल धरून मोजून चार वेळा खोकलो, चौथ्याला डोळ्यांत पाणीही आणलं. ज्या आजाराला लोकांनी बारा वर्षं नाटक म्हटलं त्याचं मी पहिल्यांदा नाटक केलं. माणसं सैलावली. कुणीतरी म्हणालं, पाणी द्या सरांना. चपला शोधणारा पुन्हा मांडी घालून बसला.

आता इतका खोकणारा माणूस शब्द कसा देणार? धाकट्यानं उठून हात जोडले आणि ते पाच शब्द म्हटले. त्याचा आवाज मध्येच जरा हलला. सुपारी फुटली.

मी आत गेलो, हात धुवायचं निमित्त करून. मुलगी कढई चुलीवर ठेवत होती. तिनं मला ग्लासात पाणी दिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "काका शब्द तुम्हालाच द्यायला सांगणार होते. सकाळी मला बोलले ते. म्हणाले, दादाला आधी सांगितलं तर दादा धास्तीनं खोकंल."

मी ग्लास हातात धरून उभा राहिलो. बाहेर पेढे वाटत होते, धाकट्याचा आवाज येत होता, कुणाला तरी तो माझं नाव घेऊन सांगत होता की दादानं पोरीला लई शिकवलं.

मी म्हणालो, "घसा धरला गं एकदम. काय करणार."

तिनं तेल ओतलं. मोहरी टाकली. मग म्हणाली, "पप्पा, मघाशी आधी एकच आला. तुमचा खोकला एकटा येत नाही कधी. मी लहानपणापासून ऐकतेय. फोडणी माझ्या हातात होती, घरात वास नव्हता कशाचा. तो खोकला तुमचा नव्हता."

ती ओरडली नाही. मला ओरडलेलं परवडलं असतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिनं मिरची तेलात टाकली. खालून खवखव आली. मी आवंढा गिळला, नाकानं श्वास सोडला, बाईंनी शिकवलेलं सगळं केलं, आणि तरी तो आला. एक, दोन, तीन, चार, पाच, पुढं मोजता येईना, हातातलं पाणी सांडलं, मी चौकटीला धरून वाकलो. तिनं घाईनं कढईवर झाकण टाकलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"हं," ती म्हणाली. "हा तुमचा."